सोसायटीची कमिटी नेमकं करते काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या छप्पन्न फ्लॅटच्या सोसायटीचा मी आठ वर्षं सेक्रेटरी होतो. त्या काळात लिफ्टमध्ये, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दाढीचा साबण गालाला लागलेला असताना लोकांनी जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थांना लागू पडतात. त्यांना आधार तिघांचा: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960, त्यात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी घातलेलं स्वतंत्र प्रकरण, आणि आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम. तुमच्या सोसायटीने मंजूर करून घेतलेले उपविधी थोडे वेगळे असू शकतात, तेव्हा ऑफिसच्या कपाटातली ती पुस्तिका एकदा काढून बघाच. गोव्यातल्या वाचकांसाठी कायदाच वेगळा आहे, 2001 चा.

आमची 'सोसायटी' नाही, 'अपार्टमेंट' आहे म्हणतात. फरक पडतो का?

चांगलाच पडतो. पुण्यात बऱ्याच इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, 1970 खाली येतात. तिथे फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा आणि सामाईक जागेत तुमचा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा. खर्चही त्या हिश्शाच्या प्रमाणात वाटला जातो. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर असते, तुम्ही तिचे सदस्य. साधारण पन्नास रुपयांचे दहा शेअर, म्हणजे पाचशे रुपयांचा तो भागदाखला, हा तुमच्या सदस्यत्वाचा पुरावा. लाखो रुपयांच्या घराचा पाचशे रुपयांचा कागद म्हणून लोक तो कुठेही टाकतात, आणि फ्लॅट विकायची वेळ आली की घर उलथंपालथं करतात.

कमिटीत किती जण असतात? किती वर्षं?

सदस्य शंभरपर्यंत असतील तर 11 जण. त्यात दोन जागा महिलांसाठी, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी राखीव जागा. मुदत 5 वर्षं. निवडणुकांवर राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाची देखरेख असते, पण 250 सदस्यांपर्यंतच्या सोसायटीला निवडणूक स्वतःच घेता येते.

थकबाकीदाराला कमिटीत बसता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. दोनपेक्षा जास्त अपत्यं हेही काही अटींसह अपात्रतेचं कारण आहे, हे मात्र अर्ज छाननीच्या दिवशीच कळतं आणि मग एखाद्या आजोबांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कमिटी आमची मालक की नोकर?

दोन्ही नाही. सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेचा. कमिटीने तिचे ठराव अमलात आणायचे आणि रोजचा कारभार बघायचा. 'आम्ही ठरवलंय' असं म्हणणाऱ्या चेअरमनला 'कुठल्या ठरावाने?' एवढं विचारलं की पुरतं. आणि 'आम्ही मेंटेनन्स देतो' म्हणून रात्री साडेअकराला बेल वाजवणाऱ्यानेही लक्षात ठेवावं, की दार उघडणारा माणूस मानद आहे, म्हणजे फुकट राबतोय.

मग कमिटीचं खरं काम कुठलं? पंप, वॉचमन, झाडलोट?

ते दिसणारं काम. खरं काम कागदाचं. पंप बिघडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होतो, नोंदवही बिघडली तर वीस वर्षांनी कुणाच्या तरी घरात भांडण लागतं.

सदस्यांची नोंदवही म्हणजे 'आय' नमुना, सदस्यांची यादी म्हणजे 'जे' नमुना. याशिवाय शेअर रजिस्टर, नामनिर्देशन रजिस्टर, सिंकिंग फंडाचं (पुनर्बांधणी किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीचं) रजिस्टर, मालमत्ता रजिस्टर, सभांची इतिवृत्तं, कॅशबुक, लेजर. नवी कमिटी आली की आधी रंगाची दरपत्रकं मागवते. माझं म्हणणं असं, की आधी 'जे' नमुना उघडा आणि दारावरच्या पाट्यांशी ताडून बघा. आम्ही ताडला तेव्हा छप्पन्नपैकी नऊ नावं जुळत नव्हती. दोन जण वारलेले होते, तिघांनी फ्लॅट विकून जमाना झाला होता.

एक प्रसंग सांगतो. पाचव्या मजल्यावरचे काका गेले. तेराव्यानंतर काकू ऑफिसात आल्या आणि विचारलं, "ह्यांनी नाव कुणाचं घातलंय रे?" कपाट उपसलं. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात काकांचा नामनिर्देशनाचा अर्ज सापडला. सही त्यांचीच, दोन साक्षीदारही होते. पण त्यावर पोच नाही, कमिटीच्या सभेत नोंद घेतल्याचा ठराव नाही, आणि नामनिर्देशन रजिस्टरात त्या फ्लॅटसमोरचा रकाना कोरा. बारा वर्षांपूर्वीच्या सेक्रेटरीने अर्ज घेतला, पाकिटात ठेवला आणि विसरला. मोठ्या मुलाने अर्जावरच शंका घेतली. घर काकूंच्या नावावर व्हायला चौदा महिने लागले, आणि तेवढा काळ भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नव्हते. रजिस्टरात एक ओळ लिहायला किती वेळ लागला असता?

नॉमिनी म्हणजे घराचा मालक ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही त्यावरून भांडतात. सदस्य वारल्यावर नॉमिनीला तात्पुरतं सदस्यत्व मिळतं. 2019 च्या दुरुस्तीत त्याला 'तात्पुरता सदस्य' असंच म्हटलं आहे. सोसायटीला पत्रव्यवहाराला आणि मेंटेनन्स घ्यायला कुणीतरी हवं, म्हणून ही सोय. मालकी ठरते ती मृत्युपत्र, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा कुटुंबातल्या लेखी वाटणीवरून. वारस कोण हे कमिटीने ठरवायचं नसतं. कुणी कितीही रडलं तरी नाही.

मिनिट्स कसे लिहावेत?

आमच्या जुन्या वहीत पानोपानी एकच वाक्य होतं: 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर करण्यात आले.' काय मंजूर? किती रुपयांना? कोण होतं? पुढे ठेकेदाराशी वाद झाला तेव्हा या वाक्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आता आम्ही असं लिहितो: 'ठराव क्र. 4. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेली तीन दरपत्रकं सभेत वाचून दाखवली. सर्वांत कमी दराचे काम, पाच वर्षांच्या लेखी हमीसह, देण्याचे ठरले. खर्च दुरुस्ती निधीतून. बाजूने 31, विरोधात 6. तिसऱ्या मजल्यावरील एका सदस्याने हमीच्या मुदतीबद्दल विरोध नोंदवला.' खाली सूचक, अनुमोदक. कंटाळवाणं आहे, पण सहा वर्षांनी गच्ची गळली की हाच परिच्छेद वकील आधी मागतो. ज्याने विरोध केला त्याचा विरोध लिहाच. 'उगाच कशाला' म्हणून गाळला, तर पुढच्या सभेत तोच तासभर खातो.

सभा किती वेळा घ्यायची? कोरम भरतच नाही, त्याचं काय?

कमिटीची महिन्यातून एकदा तरी. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत. नोटीस चौदा पूर्ण दिवसांची, सोबत हिशेब. विशेष सभेला पाच दिवसांची नोटीस चालते. एक पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर महिन्याभरात विशेष सभा बोलवावीच लागते, कमिटीची इच्छा असो वा नसो.

कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यातला कमी आकडा. आमच्यासाठी वीस. वेळ साडेदहाची दिलेली, दहा पस्तीसला गच्चीवर सात डोकी आणि चाळीस खुर्च्या. मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. फक्त तसं नोटिशीत आधी लिहिलेलं हवं. हा अर्धा तास म्हणजे महाराष्ट्राच्या सहकाराचा अलिखित संस्कार आहे. लोक साडेदहाला येतच नाहीत, अकराला येतात, कारण त्यांना माहीत असतं. बटाटेवडे मागवलेत असं ग्रुपवर टाकलं तर मात्र दहा पंचवीसलाच गर्दी.

हिशेब कुणी तपासायचे?

शासनाच्या नामिकेवरचा, म्हणजे मान्य यादीतला, लेखापरीक्षक, आणि त्याची नेमणूक सर्वसाधारण सभेत. चेअरमनचा साडू सीए आहे म्हणून नव्हे. लेखापरीक्षण जुलैअखेर उरकायचं. अहवालात दोष दाखवले असतील तर दोषदुरुस्ती अहवाल 'ओ' नमुन्यात द्यायचा. तो नव्वद टक्के सोसायट्या विसरतात, असं आमचे लेखापरीक्षक म्हणायचे. आकडा त्यांचा, पण आम्ही मात्र तीन वर्षं विसरलो होतो.

मेंटेनन्स चौरस फुटावर का नाही? माझा फ्लॅट छोटा आहे.

सेवा शुल्क सगळ्यांना समान. वॉचमन, सफाई, ऑफिसचा खर्च, सामाईक वीज यात येतं. वॉचमन मोठ्या फ्लॅटवाल्याकडे जास्त वेळ बघत नाही, हा त्यामागचा विचार. सगळं बिल मात्र समान नसतं. मालमत्ता कर प्रत्यक्ष असेल तेवढा. पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी किमान 0.75 टक्के, हे दोन्ही मोठ्या घराला जास्तच पडतात.

तळमजल्यावर राहतो, लिफ्ट वापरत नाही. तरी पैसे?

हो, तरी. गच्चीवर वाळवण घालायला जाताच ना.

थकबाकीदाराचं पाणी तोडता येतं का?

नाही. पाणी, वीज, लिफ्ट यांना हात लावायचा नाही. आमच्याकडे एका उत्साही खजिनदाराने एकाचा व्हॉल्व्ह बंद केला होता. दोन तासांत पोलीस आले आणि थकबाकीदार राहिला बाजूला, चौकीत आम्ही बसलो.

रस्ता सरळ आहे, फक्त हळू. लेखी मागणी करा, पोच ठेवा. थकलेल्या रकमेवर व्याज लावता येतं. आदर्श उपविधींत त्याची कमाल मर्यादा वर्षाला 21 टक्के, आणि तेही सरळव्याज. चक्रवाढ लावणारी सॉफ्टवेअर्स सर्रास आहेत, तपासून घ्या. तरीही पैसे आले नाहीत तर ठराव, लेजरचा उतारा आणि नोटिशींच्या प्रती जोडून सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे कलम 154ब-29 खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करायचा. दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. बहुतेक वेळा प्रकरण तिथवर जात नाही. सुनावणीच्या तारखेला माणूस चेक घेऊन येतो आणि वर आपल्यालाच म्हणतो, "एवढ्यासाठी कशाला ऑफिसात गेलात, घरी यायचं होतं."

भाडेकरू ठेवायला सोसायटीची एनओसी लागते?

परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. आठ दिवस आधी लेखी सूचना, नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत. 'बॅचलर नकोत', 'मांस-मच्छी खाणारे नकोत' असले ठराव कायद्यापुढे टिकण्यासारखे नसतात. आणि खरं सांगायचं तर आमच्या इमारतीतला सर्वांत जास्त गोंगाट एका सहकुटुंब, सात्त्विक घरातून यायचा.

बिनभोगवटा शुल्क किती?

स्वतः न राहता घर भाड्याने दिलं की लागणारं हे शुल्क. सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त 10 टक्के, 1 ऑगस्ट 2001 च्या शासन निर्णयापासून. संपूर्ण बिलाच्या नव्हे. सेवा शुल्क 1,500 रुपये असेल तर 150. घरात आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर शून्य.

फ्लॅट विकताना कमिटी 'विकास निधी' मागते. द्यायचा का?

हस्तांतरणाच्या प्रीमियमची कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात 25,000 रुपये, लहान गावांत त्याहून कमी. शिवाय हस्तांतरण फी 500 आणि प्रवेश फी 100. कुटुंबातल्या कुटुंबात किंवा वारसाच्या नावावर होत असेल तर प्रीमियम नाही. 'ऐच्छिक देणगी' या नावाखाली लाखभर मागणाऱ्या कमिट्या आहेत. देणगी खरंच ऐच्छिक असेल तर तसं लेखी मागा, विषय बहुधा तिथेच मिटतो.

वरच्या घरातून गळतंय. कुणी दुरुस्त करायचं?

सेक्रेटरीची झोप उडवणारा प्रश्न हाच. नियम असा: घरातल्या संडास-बाथरूम, सिंक, आतल्या पाइपमुळे गळत असेल तर ज्याच्या घरातून गळतं त्या सदस्याने. बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि गच्चीमुळे असेल तर सोसायटीने. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर पडलं, तर तेही सोसायटीच्या खर्चाने.

नियमात स्पष्ट असलं तरी पाणी वाचून वाहत नाही. ओल चौथ्या मजल्याच्या हॉलमध्ये दिसते आणि निघते सहाव्या मजल्याच्या न्हाणीतून. आमची पद्धत साधी होती: संशयित नहाणीघरातल्या मोरीचं तोंड बुच लावून बंद करायचं, दोन इंच पाणी चोवीस तास उभं ठेवायचं, त्यात कपड्यांना घालायची थोडी नीळ टाकायची. खाली निळा डाग उतरला की वाद संपला. एकदा डाग उतरलाच नाही, आणि महिनाभर शिव्या खाल्लेल्या वरच्या बाईंची माफी मागायला आम्ही पेढे घेऊन गेलो. गुन्हेगार बाहेरच्या भिंतीतली भेग होती, म्हणजे आम्हीच.

इमारतीच्या कुठल्या तपासण्या सक्तीच्या?

इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी. अग्निशमन यंत्रणा चालू आहे याचं प्रमाणपत्र, 'ब' नमुन्यातलं, परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत. लिफ्टची नियमित तपासणी. ऑडिटचा अहवाल आला की तो फायलीत घालू नका, सभेपुढे ठेवा. 'कॉलम धोकादायक' हे वाक्य कमिटीला माहीत होतं आणि सदस्यांना नव्हतं, अशी वेळ यायला नको.

पार्किंग बिल्डरने विकलंय. आता?

मोकळी किंवा स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा बिल्डरला फ्लॅटसारखी स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली मुंबईतल्याच एका सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. ती जागा सोसायटीची. वाटप सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या नियमांनी. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून. मिळालेली जागा सदस्याला परस्पर विकता किंवा भाड्याने देता येत नाही.

मी न्यू जर्सीला असतो. भावाला मुखत्यारपत्र दिलंय, तो सभेला बसेल.

नाही बसणार. मुखत्यारपत्रावर किंवा प्रॉक्सीने मतदान सोसायटीत चालत नाही. भावाला सहयोगी सदस्य करून घ्या. जोडीदार, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई, सून, पुतण्या-भाचा अशा नात्यातल्यांना ती सोय आहे. सहयोगी सदस्य तुमच्या लेखी संमतीने मत देऊ शकतो.

लिफ्टमध्ये कुत्र्याला बंदीचा ठराव करता येईल?

करता येईल, टिकणार नाही. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवणं 2023 च्या नियमांनी सोसायटीवरच टाकलं आहे, तेव्हा ती जागा मुलांच्या घसरगुंडीपासून लांब कुठे असावी यावर सभेत डोकं लावलेलं बरं.

कन्व्हेयन्स झालेला नाही. कमिटीने काय करायचं?

रंगरंगोटी, सीसीटीव्ही सगळं सोडून आधी हे. जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल तर उद्या पुनर्विकासाच्या टेबलावर तुमच्याऐवजी तोच बसेल. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यातल्या 2008 च्या दुरुस्तीनुसार जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी अर्ज करता येतो. पुनर्विकासाची कार्यपद्धती 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात आहे. तो विषय वेगळा आणि लांबलचक आहे, इथे मावणारा नाही.

कमिटीविरुद्ध तक्रार कुठे करायची?

सगळे उठून उपनिबंधकांकडे जातात आणि तिथून 'हा आमचा विषय नाही' असा कागद घेऊन परततात. सदस्यत्व नाकारलं, कागदपत्रं दाखवत नाहीत, सभा घेत नाहीत, हिशेब मांडत नाहीत: उपनिबंधक. गळती, दुरुस्ती, पार्किंगचं वाटप, जादा वसुली, ठरावालाच आव्हान: सहकार न्यायालय. अनधिकृत बांधकाम: महापालिका. दमदाटी, मारामारी: पोलीस. त्याआधी कमिटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सॲपवरचा रागीट चेहरा ही पोच नव्हे.

जुनी कमिटी दप्तरच देत नाही.

पहिल्याच सभेत हस्तांतराची यादी करा: प्रत्येक वही, चेकबुक, फाइल, पासवर्ड, चाव्या, दोन्ही बाजूंच्या सह्या. बँकेतल्या सह्या ठरावाची प्रत देऊन लगेच बदला. जुने पदाधिकारी तरीही अडून बसले तर उपनिबंधकांना कलम 80 खाली दप्तर ताब्यात घेण्याचा अधिकार आहे. नुसती तशी नोटीस गेली तरी बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनच्या टेबलावर गठ्ठा येऊन पडतो.

मी पद सोडलं तेव्हा माझी यादी त्रेचाळीस बाबींची झाली. त्रेचाळिसावी होती चाव्यांचा जुडगा, एकूण सतरा. सोळांपुढे कुलूप लिहिलं आहे. सतरावी कशाची ते मलाही माझ्या आधीच्याने सांगितलं नव्हतं. यादीत तिच्यासमोर 'अज्ञात, टाकून देऊ नये' असं आहे.